जमीन नाही, पण बँकेतली पुंजी विद्यापीठाला ठेवता येते. मृत्युपत्र लिहिताना धडगावकरांनी काय बघायचं?

धडगाव : मागच्या महिन्यात बाजाराच्या दिवशी एका दुकानाच्या ओट्यावर निवृत्त गुरुजी भेटले. जिल्हा परिषदेत नोकरी, सगळी वर्षं नर्मदाकाठच्या नाहीतर डोंगरावरच्या पाड्यांच्या शाळांत गेली. स्वतःचं मूलबाळ नाही. घरी बाई आणि ते, दोघंच. पुतणे चार. गुरुजींनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, तू बातम्या लिहितोस, तुला माहिती असेल. माझ्या मागे थोडे पैसे जळगावच्या विद्यापीठाला जावेत असं मनात आहे. आपल्या डोंगरातल्या पोरांच्या शिक्षणाला. असं करता येतं का? की हे टाटा-बिर्लांचंच काम?"

मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. मी शेतकरी माणूस, बारावीपर्यंत शिकलेला. पण प्रश्न डोक्यात राहिला. शहाद्याच्या कोर्टात दोन वकिलांना विचारलं, तहसीलमध्ये बसून कायद्याची पुस्तकं चाळली, जुन्या गोष्टी वाचल्या. जे कळलं ते इथं लिहितो. गुरुजींसारखे आपल्या तालुक्यात अजूनही असतील. निवृत्त शिक्षक, एसटीचे कंडक्टर, नर्सबाई, वनखात्यातले लोक. ज्यांच्याकडे थोडीफार पुंजी आहे आणि मागे ती कुणाच्या हाती पडेल याची काळजी आहे.

आधी सरळ उत्तर. हो, करता येतं. त्याला करोडपती असावं लागत नाही. पण जमिनीच्या बाबतीत आपल्या भागात मोठी अडचण आहे, ती आधी समजून घ्या. नाहीतर कागद होईल आणि काम होणार नाही.

नागपूरला झालं ते कसं झालं

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. नागपूरजवळ कामठी गाव आहे. तिथले रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. त्यांनी १९३० साली मृत्युपत्रानं पस्तीस लाखांहून जास्त रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले. त्या काळातले पस्तीस लाख! नागपूर विद्यापीठ तेव्हा अगदी नवं, १९२३ साली सुरू झालेलं. त्यांनी पैसे नुसते 'शिक्षणासाठी' म्हणून ठेवले नाहीत. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी, असं कारण लिहून ठेवलं. म्हणजे कारखान्यात, धंद्यात कामाला येईल असं विज्ञान.

त्या पैशातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. लोक तिला एलआयटी म्हणतात. मृत्युपत्र १९३० चं आणि संस्था १९४२ ला, मध्ये बारा वर्षं गेली. पण पैसा दुसरीकडे वळला नाही, कारण कशासाठी ते कागदावर होतं. आणि २०२३ साली तीच संस्था स्वतंत्र विद्यापीठ झाली. एका माणसाच्या कागदातून संस्था आणि संस्थेतून विद्यापीठ. तिथून शिकून निघालेल्या किती इंजिनिअरांना त्या खाणवाल्याचं पूर्ण नाव सांगता येईल, देव जाणे. पण शिकले हे खरं.

नागपूरचीच दुसरी गोष्ट डॉ. हरिसिंग गौर यांची. मोठे वकील, नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. मूळ मध्य प्रदेशातल्या सागरचे, गरिबीतून वर आलेले. त्यांनी १९४६ साली स्वतःच्या कमाईतले वीस लाख घालून सागरला विद्यापीठ काढलं आणि मागे मृत्युपत्रानं इस्टेटीचा मोठा वाटाही त्यालाच दिला. वकील माणूस, कागद कसा करायचा ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

जमशेटजी टाटांचं नाव गुरुजींनी घेतलंच होतं. त्यांनी १८९८ च्या सुमारास मुंबईतल्या आपल्या इमारती आणि जमिनी विज्ञानाच्या संस्थेसाठी द्यायचं ठरवलं. सरकारचं हो-नाही चालू असतानाच १९०४ साली ते गेले. संस्था बंगळुरूला १९०९ मध्ये झाली. मधल्या पाच वर्षांत दोराबजी आणि रतनजी या मुलांना 'बाबा गेले, आता राहू द्या' म्हणता आलं असतं. ते म्हणाले नाहीत, उलट काम पुढे नेलं. म्हणून मी गुरुजींना पहिला प्रश्न हाच विचारला की पुतण्यांना सांगितलंय का. ते गप्प राहिले.

बोलून ठेवलेलं चालत नाही

आपल्याकडे पंचांसमोर म्हातारा माणूस बोलून गेला की ते सगळ्यांनी मानायचं, ही जुनी रीत आहे. भांडण झालं तर पंच बसतात, 'बाबा असं बोलले होते' असं चार जण सांगतात आणि विषय मिटतो. रीत चांगली आहे. पण बँक आणि विद्यापीठ पंचांचं ऐकत नाही.

अमेरिकेत हार्वर्ड नावाचं विद्यापीठ आहे, जगात नावाजलेलं. जॉन हार्वर्ड नावाचा तरुण पाद्री १६३८ साली तिशीतच क्षयानं गेला. जाताना बायकोला तोंडी सांगून गेला की माझी अर्धी मिळकत आणि सगळी पुस्तकं, चारशेच्या आसपास होती, त्या नव्या कॉलेजला द्या. बायकोनं शब्द पाळला आणि कॉलेजला त्याचं नाव मिळालं. (१७६४ साली लागलेल्या आगीत त्या चारशेतलं एकच पुस्तक वाचलं म्हणतात. नाव मात्र राहिलं.) त्याचं तोंडी चाललं. आपल्या देशातल्या वारसा कायद्याप्रमाणे लढाईवरचा सैनिक, विमानदलाचा माणूस आणि समुद्रावरचा खलाशी सोडला तर तोंडी मृत्युपत्र चालत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ते स्पष्ट आहे. लेखी पाहिजे, लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा पाहिजे आणि कमीत कमी दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत.

व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, मोबाईलवर व्हिडिओ काढला, ते मृत्युपत्र होत नाही. व्हिडिओ पुराव्याला जोड म्हणून उपयोगी पडतो, म्हातारा शुद्धीत होता आणि मनानं सही करत होता हे दाखवायला. पण कागदाची जागा घेत नाही.

इथं माझ्या घरचं सांगतो. माझ्या एका चुलत्यांनी मरायच्या आधी स्टॅम्प पेपरवर लिहून ठेवलं होतं. टाईप करणाऱ्यानं छान टाईप केलं, शिक्का मारला, पैसे घेतले. साक्षीदार मात्र एकच घेतला. चुलते गेले, कागद काढला आणि वकिलानं एका मिनिटात बाजूला ठेवला. स्टॅम्प पेपर होता ना, आम्ही म्हणत होतो. पण मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही! साध्या कोऱ्या कागदावर, हातानं लिहिलेलं, दोन साक्षीदारांचं मृत्युपत्र चालतं. आणि एका साक्षीदाराचं पाचशेच्या स्टॅम्पवरचं चालत नाही. चुलत भाऊ अजून एकमेकांशी धड बोलत नाहीत.

साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही. त्यांनी तुम्हाला सही करताना बघायचं, किंवा 'ही माझीच सही' असं तुमच्या तोंडून ऐकायचं, आणि मग तुमच्या समोर स्वतः सही करायची. कायद्यानं दोघं एकाच वेळी हजर पाहिजेत असं नाही, पण मी म्हणतो एकाच वेळी बसवा, पुढचा वाद वाचतो. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा लहान वयाचा घ्या. आपल्या बरोबरीचा म्हातारा घेतला आणि तो आधी गेला तर कोर्टात सांगायला येणार कोण? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका.

लिहिणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल तर अंगठा चालतो. पण त्याला त्याच्या भाषेत, पावरीत म्हणा की भिलीत, सगळा मजकूर वाचून, समजावून सांगितला आणि त्यानं कबूल केला, असं खाली लिहा आणि ज्यानं सांगितलं त्याची सही घ्या. वय जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टरचा दाखला घेऊन जोडा.

नोंदणी सक्तीची नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्या असं मी म्हणेन. फी नाममात्र आहे, मुद्रांक शुल्क लागत नाही, आणि मूळ कागद उंदरानं खाल्ला किंवा कुणी 'हरवला' तरी नक्कल मिळते. मजकूर कुणाला कळू द्यायचा नसेल तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे. नोंदवलं म्हणजे बदलता येत नाही असं मात्र समजू नका. जिवंत असेपर्यंत कितीही वेळा बदला, शेवटचं जे असेल ते खरं. बक्षीसपत्राचं तसं नाही, ते एकदा दिलं की दिलं. आणि प्रोबेट म्हणून कोर्टाचा दाखला असतो, तो आपल्या जिल्ह्यात सक्तीचा नाही. वाद झाला तर गोष्ट वेगळी.

जमिनीचं काय? इथंच सगळं अडतं

गुरुजींकडे वडिलांकडून आलेली तीन एकर आहे. त्यांचा पहिला विचार होता की ती जमीनच विद्यापीठाला लिहून द्यावी. "जमिनीसारखं दान नाही," असं म्हणाले. मला सांगावं लागलं की गुरुजी, हे होणार नाही.

आपल्या तालुक्यातली बहुतेक जमीन आदिवासी खातेदारांची. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीनं, दानानं, गहाणानं, कुठल्याही वाटेनं जायची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते. कायम जायची असेल तर त्याच्यावर राज्य सरकारची मान्यताही लागते. १९७४ साली हे कडक झालं आणि ज्या जमिनी फसवून गेल्या होत्या त्या परत देण्याचा कायदाही त्याच वर्षी आला. विद्यापीठ कितीही चांगलं असलं तरी ते काही आदिवासी खातेदार नाही.

काही जण म्हणतील, मृत्युपत्र म्हणजे काही विक्री नाही, ते तर मेल्यावर लागू होतं. हा मुद्दा कोर्टात झालेला आहे. सुप्रीम कोर्टानं २०२० साली गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की कुळकायद्यानं जी शेतजमीन बिगर शेतकऱ्याला देता येत नाही ती मृत्युपत्रानंही देता येत नाही. तो कायदा म्हणजे जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चाच, जो आपल्याकडेही आहे. पुढच्या दारानं बंद आहे ते मागच्या दारानं आत येणार नाही, इतका साधा अर्थ. आणि खरं सांगू? मला हे बरं वाटतं. आज विद्यापीठाच्या नावानं दार उघडलं तर उद्या कुठली कुठली संस्था 'शिक्षणासाठी' म्हणत अंगठे घ्यायला येईल, त्याचा भरवसा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी अंगठे देऊन काय गमावलं ते सगळ्यांना माहीत आहे.

वनपट्ट्याचं तर अजून स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलंय की हा हक्क वारसानं जातो, पण विकता येत नाही की कुणाला देता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. सरळ वारस नसेल तर जवळच्या नातेवाइकाकडे जातो. तिथं मृत्युपत्राला जागाच नाही.

दुसरी गोष्ट, वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपला एकट्याचा हक्क नसतो. हिंदू वारसा कायदा १९५६ चा, पण तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, आपली वाटणी रूढीप्रमाणे होते. बहिणींचा हिस्सा हाही विषय आता जोरात आहे. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०२५ साली मुलीच्या बाजूच्या वारसांना समान हिस्सा दिला. म्हणून वडिलोपार्जितला हात न लावता स्वतः कमावलेलं तेवढं लिहा, हे सगळ्यात बिनधोक. गुरुजींना मी म्हटलं, जमीन भावकीत राहू द्या, पैसा विद्यापीठाला द्या. पुतण्यांनाही मग बोलायला जागा राहत नाही.

(मुस्लिम बांधवांसाठी एक वाक्य : वारसांची संमती नसेल तर मृत्युपत्रानं एक तृतीयांशापर्यंतच देता येतं. आणि ख्रिस्ती बांधवांवर पूर्वी एक बंधन होतं, जवळचे नातेवाईक असतील तर धर्मादाय कामाला ठेवलेलं मृत्युपत्र मरणाच्या किमान बारा महिने आधीचं पाहिजे असं. ते कलम सुप्रीम कोर्टानं २००३ साली रद्द केलं.)

मग ठेवायचं काय?

बँकेतली मुदत ठेव, पोस्टातले पैसे, शहरात बांधलेलं घर असेल तर ते, सोनं आणि आपल्याकडची चांदी. चांदीचं हसू येईल, पण आपल्या बायकांच्या अंगावरच्या चांदीचं वजन आणि आजचा भाव बघा. ते मात्र त्या बाईचं आहे, नवऱ्यानं आपल्या मृत्युपत्रात लिहू नये!

गुरुजींच्या मुदत ठेवीवर नॉमिनी म्हणून मोठ्या पुतण्याचं नाव आहे. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथंच आहे. नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक त्याच्या हातात पैसे देते, पण तो वारसांच्या वतीनं किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव असेल त्याच्या वतीनं सांभाळणारा. सुप्रीम कोर्टानं १९८३ मध्ये विम्याच्या बाबतीत आणि २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच सांगितलं. (विम्यात २०१५ नंतर थोडा फरक आहे. आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात.) पण हातात आलेले पैसे पुतण्यानं सोडायला तर पाहिजेत. म्हणून नॉमिनी असा माणूस ठेवा जो मृत्युपत्र अमलात आणणार आहे. विद्यापीठाला ठेवीचं नॉमिनी करता येत नाही, तिथं माणूसच लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात.

मृत्युपत्र अमलात आणणारा म्हणजे एक्झिक्युटर. त्याचं नाव कागदात लिहा, त्याला आधी विचारा. तो गेला तर दुसरा कोण, तेही लिहा. आणि हे लक्षात ठेवा की माणूस गेल्यावर आधी अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, सोसायटीचं असो की बँकेचं. ते फिटल्यावर जे उरेल त्यातूनच विद्यापीठाला जाईल. म्हणून 'दोन लाख रुपये' लिहायचं की 'उरलेल्यातला अर्धा हिस्सा' हे विचारपूर्वक ठरवा. ठोस आकडा लिहिला आणि आजारपणात पैसे संपले तर घरच्यांना काही उरत नाही.

आणि बाईचं काय? गुरुजी बोलताना सारखे विद्यापीठ, विद्यापीठ करत होते. मी विचारलं, काकूंचं काय ठरवलंय? त्यांच्यासाठी असं लिहिता येतं : काकू असेपर्यंत ठेवीचं व्याज त्यांना, घरात राहायचा हक्क त्यांना, आणि त्यांच्या मागे मूळ रक्कम विद्यापीठाला. आधी घरचा दिवा, मग देवळाचा.

कुणाच्या नावानं लिहायचं

आपलं विद्यापीठ जळगावला. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, त्याच्या आधी आपली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्याकडे. २०१८ मध्ये नाव बदललं. आता पूर्ण नाव कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. मृत्युपत्रात हेच पूर्ण नाव लिहा. 'जळगाव युनिव्हर्सिटी' असं लिहू नका. (बहिणाबाईंना स्वतःला लिहिता येत नव्हतं, हे ठाऊक असेलच. शेतात काम करता करता त्या बोलायच्या, मुलानं आणि घरच्यांनी ते उतरवून घेतलं. १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक निघालं.)

अजून एक घोटाळा होतो. कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे. आपल्या जिल्ह्यातली बहुतेक कॉलेजं खासगी शिक्षण संस्थांची आहेत, विद्यापीठाला फक्त जोडलेली. कॉलेजला म्हणून ठेवलेला पैसा संस्थेच्या खात्यात जातो. तेही चालेल, संस्था चांगली असेल तर. पण मग संस्थेचं नोंदलेलं नाव, धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक लिहा. संचालकांची भांडणं चालू आहेत का तेही बघा. मी कुणाचं नाव घेत नाही, तुम्ही समजून घ्या.

विद्यापीठाला देणगी घेण्याचा अधिकार २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं आहे. व्यवस्थापन परिषद ती स्वीकारते. म्हणजे नाकारूही शकते, किंवा अट जमणार नाही म्हणू शकते. म्हणून लिहिण्याच्या आधी कुलसचिवांच्या नावानं एक साधं पत्र टाका : मला मृत्युपत्रानं इतकी रक्कम ठेवायची आहे, शिष्यवृत्तीसाठी किंवा पदकासाठी कमीत कमी किती रक्कम लागते, नियम काय. उत्तर लेखी घ्या आणि मृत्युपत्रासोबत ठेवा. विद्यापीठाला मृत्युपत्राची एक प्रत किंवा निदान माहिती दिलेली असावी. नाहीतर तुम्ही गेल्यावर त्यांना कळणार कसं? पुतणे काही वर्तमानपत्रात जाहिरात देणार नाहीत.

आता रक्कम. बहुतेक ठिकाणी पद्धत अशी असते की मूळ रक्कम ठेव म्हणून राहते आणि व्याजातून दरवर्षी शिष्यवृत्ती निघते. गुरुजींचा विचार दोन लाखांचा आहे. साडेसहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १३ हजार रुपये येतात. शहरातल्या माणसाला ते काहीच वाटणार नाही. पण आपल्याकडची पोरं फीमुळे कॉलेज सोडत नाहीत. फी शिष्यवृत्तीत भागते. ती सोडतात खोलीच्या भाड्यामुळे, खानावळीमुळे, आणि शिष्यवृत्ती खात्यावर यायला महिने लागतात तोपर्यंत हातात पैसे नसतात म्हणून. माझ्या पाड्यातली एक मुलगी दुसऱ्या वर्षाला परत आली, मेसचे पैसे थकले म्हणून. आता ती मोहाची फुलं वेचते आणि आंबे कापून आमचूर वाळवते. काम वाईट नाही, मीही करतो. पण तिला शिकायचं होतं. १३ हजारांत तिचं वर्ष निघालं असतं.

म्हणून मी गुरुजींना म्हटलं, सोन्याच्या पदकाला ठेवू नका. पदक हुशार पोराला मिळतं आणि ते कपाटात जातं. ते म्हणाले, "पण पदकावर नाव असतं." खरं आहे. नावाची इच्छा माणसाला असते, त्यात लाजायचं कारण नाही. शिष्यवृत्तीलाही नाव देता येतं. स्वतःचं किंवा आईचं. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आहे ना, तो प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या दोन लाखांतून झाला आणि नाव त्यांच्या आईचं, राजाबाईंचं.

त्या प्रेमचंदांची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. १८६४ मध्ये कापसाच्या तेजीत त्यांनी टॉवरला दोन लाख आणि ग्रंथालयाला दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि सगळं गेलं. पण विद्यापीठाला दिलेलं आधीच दिलेलं होतं, ते वाचलं. मृत्युपत्रात लिहून ठेवलं असतं तर द्यायला काय उरलं असतं? म्हणून ज्याला जमत असेल त्यानं थोडं हयातीतच द्यावं, पावती घ्यावी. आयकराची सवलतही हयातीतल्या देणगीलाच मिळते. पण पेन्शनवर जगणाऱ्याला दवाखान्याची भीती असते, त्यानं हातातलं सोडू नये, त्याच्यासाठी मृत्युपत्रच बरं. गुरुजींनी दोन्ही करायचं म्हटलंय. यंदा दहा हजार आणि बाकी मागे.

अट किती घट्ट लिहायची, यावर आमचा अर्धा तास गेला. गुरुजींना लिहायचं होतं : 'अमुक पाड्यातल्या, अमुक शाळेत शिकलेल्या मुलीला'. उद्या ती शाळा बंद पडली तर? पट कमी म्हणून शाळा बंद होतात हे आपण बघतोच. मग पैसे नुसते पडून राहतात किंवा कोर्टात जाऊन जवळचं दुसरं कारण मंजूर करून घ्यावं लागतं. म्हणून असं लिहा : 'अक्राणी तालुक्यातल्या विद्यार्थ्याला, मुलीला आधी, राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी. एखाद्या वर्षी तसा विद्यार्थी नसेल तर नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी विद्यार्थ्याला.' कामठीच्या खाणवाल्यानंही विषय सांगितला होता, वर्गाची खोली सांगितली नव्हती.

वकिलाकडे जाताना बरोबर घ्यायचं ते असं : आधार, ठेवीच्या पावत्या, पासबुक, घराचा उतारा, कर्ज असेल तर त्याचा कागद, एक्झिक्युटर आणि दोन साक्षीदारांची नावं-पत्ते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि बायकांना तिथं उत्पन्नाची अट न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते.

गुरुजींनी परवा फोन केला. पुतण्यांना सांगितलं म्हणाले. तिघं हो म्हणाले, एक काही बोलला नाही. काकूंनी शिष्यवृत्तीला सासूबाईंचं नाव द्यायला सांगितलंय. मसुदा तयार आहे, पण ठेवीच्या पावतीवर गुरुजींच्या वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं निघालं, एका मात्रेचा फरक. वकील म्हणाला आधी ते सारखं करा. त्यामुळं सोमवारी गुरुजी बँकेत, आणि तिथून आधार केंद्रावर. पाऊस लागायच्या आत आणि घाट बंद व्हायच्या आत काम व्हावं म्हणून घाई करतायत.